पहिल्या गिअरची मिरवणूक

भाऊंच्या गल्लीबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कुणाला पटणार नाही. ही गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना आतून जोडते. मोठ्या रस्त्याने गेलं तर सिग्नल लागतो आणि गल्लीतून गेलं तर लागत नाही, हा शोध कुणा रिकामटेकड्याने लावला आणि स्वतःपाशी न ठेवता चारचौघांत सांगितला. तेव्हापासून ज्याचं या गल्लीत सात जन्मांत काही काम नाही, असा माणूसही सकाळ-संध्याकाळ इथून जातो. बरं, जातो तो नीट जात नाही, सुसाट जातो. सिग्नलचा वेळ वाचलाय म्हटल्यावर माणसाने खरं तर निवांत जावं. पण नाही. वाचलेला वेळ कुणी मागून येऊन काढून घेईल, अशा भीतीने तो गाडी हाणतो.

तर अशाच एका गाडीने भाऊंच्या आईला हूल दिली. लागलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. गाडी अंगावर वारा घालून निघून गेली, एवढंच. पण आईच्या हातातली काठी सुटून रस्त्यात पडली आणि आईने ती उचलली नाही. ती तशीच मागे फिरली, भिंतीला धरत धरत घरात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पुरे झालं बाई. आता मी काही घराबाहेर पडायची नाही."

काठी आणायला भाऊच गेले.

एखादा म्हणेल, म्हातारं माणूस घरात बसलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं, की आई रोज दुपारी रस्ता ओलांडून जायची ती समोरच्या मावशींकडे, पत्ते खेळायला. मावशी म्हणजे नात्याने कुणाच्याच कुणी नव्हत्या. आईची मैत्रीण म्हणून सगळ्या घराच्या मावशी. भाऊ अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून हा डाव चालू होता. दोघींचे नवरे गेले, मुलं मोठी झाली, दात पडले, नवे बसवले, पण डाव काही मोडला नव्हता. मावशींच्या गुडघ्यांनी मागेच राजीनामा दिलेला, त्यांना स्वतःच्या ओट्याच्या पायऱ्याही उतरवत नसत. म्हणजे जायचं तर आईनेच जायला हवं, आणि आई तर आता उंबऱ्याच्या आत बसलेली.

दोघींनी फोनवर पत्ते खेळून पाहिले. हा प्रकार ज्यांनी केला नसेल त्यांनी कृपा करून करू नये. आई आपल्या टेबलाशी आपला जोड घेऊन, मावशी त्यांच्या ओट्यावर त्यांचा जोड घेऊन. आपल्याला काय पान आलं ते आपण सांगायचं आणि दुसरीने ते खरं मानायचं. थोडे दिवस मानलं. मग एका दुपारी बदामची राणी दोघींच्याही हातात निघाली.

"माझ्याकडे आहे ती!" आई म्हणाली.

"तुझ्याकडे कशी असेल? माझ्या हातात आहे. माझ्याकडे बघून हसतेय!"

"लबाड कुठली!"

"लबाड तू! शाळेपासूनची लबाड!"

दोन जोड असले की राण्याही दोन असणारच, हे भाऊंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दोघींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण तोपर्यंत मुद्दा राणीचा राहिलाच नव्हता. फोन आपटले गेले. आईने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आणि समोर मावशींनी खुर्ची फिरवून पाठ केली.

त्यानंतर आई वेळेवर जेवायची, औषधं घ्यायची, विचारलं तर बोलायची. पण एका सुट्टीच्या दुपारी भाऊंनी पाहिलं, ती एकटीच टेबलाशी बसून पत्ते पिसत होती. पिसून झाले की ठेवायची आणि पुन्हा उचलून पिसायची. वाटणार कुणाला? आईने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता तिला हवी होती ती एक रस्त्याची रुंदी. तेवढीही आपल्याला देता येत नसेल, तर पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होऊन काय उजेड पाडला, असं त्यांना वाटलं. त्या क्षणी भाऊंनी ठरवलं की गल्लीतल्या गाड्या सावकाश चालल्याच पाहिजेत.

पहिला उपाय पाटीचा. 'सावकाश चालवा' एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण हेडक्लार्क माणूस दोन शब्दांत आवरला तर तो हेडक्लार्क कसला? भाऊंनी मजकूर केला: 'सदर मार्गावरून वाहन नेणाऱ्या सर्व संबंधितांस विनंती करण्यात येते की, येथील ज्येष्ठ रहिवाशांची सुरक्षितता विचारात घेऊन आपल्या वाहनाचा वेग योग्य त्या मर्यादेत ठेवून सहकार्य करावे.' पाटी सुबक झाली. अक्षर तर असं सुरेख, की पहिल्याच दिवशी एक स्कूटरवाला ती मन लावून वाचत आला आणि 'विचारात घेऊन'पर्यंत पोचला असताना सरळ पाटीच्या खांबावर आदळला. त्याला काही झालं नाही. खांब मात्र वाकला, आणि त्यानंतर पाटी वाचायची तर मान तिरकी करावी लागे. स्कूटरवाल्याला घरात बसवून पाणी देताना भाऊंना भलतंच ओशाळल्यासारखं झालं.

"पाटीने काय होतंय!" शेजारचे इंजिनिअर गॅलरीतून म्हणाले. "स्पीडब्रेकर हवा. चांगला गुडघाभर."

इंजिनिअर आयुष्यभर कारखान्यातल्या बॉयलरवर होते आणि निवृत्त झाल्यापासून बॉयलर सोडून इतर सर्व विषयांवर सल्ला देत. त्यांचा एक मोठा गुण म्हणजे ते कधीही कशाची खात्री करून घेत नसत. त्यांची खात्री आधीच झालेली असे.

स्पीडब्रेकरसाठी भाऊ रस्ते खात्यात गेले. आपणही सरकारी माणूस, तोही सरकारी माणूस, काम चुटकीसरशी होईल अशी त्यांची समजूत. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"अपघात झालाय का?"

"होता होता वाचला."

"वाचला म्हणजे झाला नाही." साहेब खेदाने म्हणाले. "अपघात झाल्याशिवाय आम्हाला स्पीडब्रेकर टाकता येत नाही हो. निदान हातपाय मोडायला हवेत. जीवघेणा असला तर मग काय, लगेच होतं काम."

"अहो, आई आहे माझी!"

"मग राहू द्या," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "एवढ्यासाठी आईला कशाला त्रास?"

भाऊ तावातावाने उठले, पण रागाच्या भरात चुकीच्या दाराने बाहेर पडले आणि फायलींच्या खोलीत शिरले. तिथून साहेबांच्या समोरूनच परत यावं लागलं. तावातावाने निघालेल्या माणसाला असं परत यावं लागलं, की त्याच्या तावाचं काही खरं राहत नाही.

मग गल्लीनेच आपापसांत स्पीडब्रेकर बांधावा असं निघालं. त्याला एकजात सगळ्यांचा पाठिंबा होता. फक्त तो कुणाच्याही दारासमोर नको होता. प्रत्येक गाडी तिथे धाडकन आपटणार, मग झोपमोड कुणाची? इंजिनिअर म्हणाले, "माझ्या दारासमोर नको, मला रक्तदाब आहे." कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या दारात धक्का बसला आणि माझा हात हलला, तर पेशंटचा भलताच दात हातात येईल." सरतेशेवटी असं दिसून आलं, की सर्वांना चालेल अशी जागा गल्लीत एकही नाही, आणि स्पीडब्रेकर शेजारच्या गल्लीत बांधायला मात्र कुणाचीच हरकत नाही.

त्या रात्री जेवताना भाऊ जगावर फार चिडले होते. लोकांना माणुसकी उरली नाही, दुसऱ्याच्या दारातून गाडी नेताना लाज वाटायला हवी, वगैरे वगैरे. वहिनींनी वाढता वाढता ऐकून घेतलं.

"अहो, पण तुम्ही ऑफिसला कुठून जाता?"

"पलीकडच्या वसाहतीतून. तिकडून पूल टळतो."

"आणि तिथून कसे जाता? परवा मी शेजारी बसले होते, डोळे मिटून."

"ती गल्ली वेगळी आहे. तिथे आपलं कुणी राहत नाही."

"कुणाची तरी आई राहतच असेल की," वहिनी म्हणाल्या आणि भाताचं भांडं आत घेऊन गेल्या.

बायकोचं म्हणणं बरोबर आहे हे कळायला त्यांना वेळ लागला नाही, ते मान्य करायला मात्र दूधभातापर्यंत वेळ लागला. आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. दुसऱ्यांना सांगायचंच नाही. आपणच सावकाश जायचं! गल्ली अरुंद, एक गाडी पुढे असली की मागच्याला ओलांडता येत नाही. आपण पुढे चालण्याच्या वेगाने गेलो, की मागचे झक मारत तसेच येतील.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पहिल्या गिअरमध्ये निघू लागले. पलीकडच्या वसाहतीतूनही तसंच. हॉर्न वाजवायचा नाही. लांबून दिसावं म्हणून पुढचे दिवे लावायचे, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवेही उघडझाप करत ठेवायचे आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट घालायचा. शर्टाची काय गरज, असं वहिनींनी विचारलं. भाऊ म्हणाले, कुठलंही काम करायचं तर त्याला शोभेल असं करावं.

पहिल्या दिवशी त्यांना भाजीची हातगाडी ओलांडून गेली. भाजीवाला वळून म्हणाला, "साहेब, बंद पडली असली तर धक्का मारू का?" शाळेतल्या मुली खिडकीशी चालत चालत त्यांच्याशी गप्पा मारू लागल्या आणि कंटाळून पुढे निघून गेल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. सगळ्यांत जोरात हॉर्न डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला असे आणि त्या भाऊंच्या मागे अडकलेल्या असत. "पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापतं हो!" इंजिनिअर गॅलरीतून रोज ओरडत. इंजिन तापत होतं हे खरंच होतं, पण त्याच्याआधी भाऊच तापत. खिडकीतून डोकं काढून कुणी 'गाडी चालवता येत नसेल तर घरी बसा' म्हटलं, की त्यांची कानशिलं लाल होत. पण ते मागे वळून बघत नसत. रोज घरी आलं की आईला सांगत, "गाड्या आता अगदी सावकाश जातात. तू बघ तरी खिडकी उघडून."

"जाऊ देत नाहीतर उडू देत," आई म्हणायची. "मला काय करायचंय? मला कुठे जायचंय?"

हळूहळू लोकांना सवय झाली. काहींनी सिग्नलचा रस्ता धरला. जे उरले ते मुकाट्याने मागून येऊ लागले. आणि मग तो दिवस उजाडला.

त्या दिवशी भाऊंना सडकून सर्दी झाली होती. डोळे लाल, नाकाला सारखा रुमाल, आवाज बसत आलेला. दुपारीच रजा टाकून ते घरी निघाले. गल्लीच्या तोंडाशी पहिला गिअर टाकला, सगळे दिवे लावले. नेमकी त्यांच्या मागे हॉस्पिटलची गाडी लागली. आत कुणी नव्हतं. ड्रायव्हर पेशंटला सोडून परत निघालेला, त्याला कसलीच घाई नव्हती. भोंगा बंद ठेवून तो आरामात मागून येत होता. त्याच्या मागे डॉक्टरीणबाईंची गाडी, आणि तिच्या मागे आणखी रांग. सगळं अगदी शांत.

गॅलरीत इंजिनिअर उभे होते. त्यांनी पाहिलं: पुढे दिवे लावून, पांढऱ्या शर्टात, डोळे पुसत भाऊ. मागे गपचूप हॉस्पिटलची गाडी. तिच्यामागे एवढ्या गाड्या. आणि भाऊंच्या आई कित्येक दिवसांत कुणाला दिसलेल्या नाहीत. इंजिनिअरांची तात्काळ खात्री झाली.

"अरेरे!" ते गॅलरीतून समोर ओरडले. "मावशी, गेल्या हो! भाऊंच्या आई गेल्या!"

बातमी भाऊंच्या गाडीच्या पुढे धावली, आणि त्यात काही नवल नाही, कारण त्या गाडीच्या पुढे काहीही धावू शकत असे. दारं उघडली. माणसं बाहेर आली आणि माना खाली घालून कडेला उभी राहिली. ओळखीच्यांनी हात जोडले. पलीकडून येणारे स्कूटरवाले स्कूटर बंद करून उतरले.

आता भाऊंना यातलं काय माहीत? त्यांना फक्त एवढंच दिसलं की सबंध गल्ली आपल्यासाठी दाराबाहेर उभी आहे. त्यांचा ऊर भरून आला. इतके दिवस शिव्या खाल्ल्या, त्याचं शेवटी चीज झालं! लोकांना पटलं! त्यांनीही हात जोडले, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. सर्दीने डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यात खरंही मिसळलं. फुलवाल्याने पुढे होऊन बॉनेटवर ओंजळभर फुलं ठेवली. फुलं कशाला, एवढं काय केलंय मी, असं पुटपुटत त्यांनी गाडी थांबवली.

डॉक्टरीणबाई मागून धावत आल्या. "भाऊ, माफ करा मला. मी रोज तुमच्या मागे हॉर्न वाजवला. मला कल्पना नव्हती हो."

"जाऊ द्या," भाऊ मोठ्या मनाने म्हणाले. "उशिरा का होईना, तुम्ही आलात मागून, यातच सगळं आलं."

डॉक्टरीणबाईंना हुंदका फुटला. बाई जरा जास्तच मनाला लावून घेतायत, असं भाऊंना वाटलं, आणि ते त्यांची समजूत घालायला खाली उतरले. गाडी नेमकी घरासमोर उभी होती. एका बाजूला भाऊंचं घर, दुसऱ्या बाजूला मावशींचा ओटा. आणि ओट्यावरून मावशींचा रडण्याचा आवाज येत होता.

"गेली गं माझी बाई! न बोलता गेली! मी मेली तिच्यावर रुसून बसले इथे पाठ करून! आता कुणाशी भांडू मी दुपारची? सोन्यासारखी बाई हो! फटकळ होती, पण मनाने साफ. आता पत्त्यांत लबाडी करायची, ती करायचीच. पहिल्या दिवसापासून करायची. पण गेलेल्या माणसाबद्दल आपण कशाला बोलावं?"

भाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बॉनेटवरच्या फुलांकडे पाहिलं, हॉस्पिटलच्या गाडीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. पण बसत आलेला आवाज नेमका आता पुरता बसला, तोंडातून नुसती हवा बाहेर आली.

तेवढ्यात घराची रस्त्याकडची खिडकी खाडकन उघडली.

"कोण लबाडी करायची?"

सगळी गल्ली वळली. खिडकी पुन्हा आपटली, दार उघडलं, आणि दारात आई. हातात काठी, ती टेकायला नव्हे, उगारायला. मागून वहिनी "आई, अहो आई, हळू" करत धावत होत्या. आई पायरी उतरली, फाटकातून बाहेर पडली, आणि डावीकडे नाही की उजवीकडे नाही, थेट रस्त्यात उतरली. हॉस्पिटलच्या ड्रायव्हरने न सांगता इंजिन बंद केलं. इंजिनिअर गॅलरीतल्या खुर्चीत मटकन बसले. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, पण काठीशिवाय कसलाही आवाज नाही. आई रस्ता ओलांडून ओट्याच्या पायऱ्या चढली आणि मावशींसमोर उभी राहिली.

"म्हण पुन्हा! तोंडावर म्हण! माझ्या माघारी सांगतेस होय गं लोकांना?"

मावशींनी खुर्चीतूनच दोन्ही हात पुढे केले, आईचा हात धरला आणि आपल्या गालाला लावला.

"लबाड आहेसच तू," त्या रडत रडत म्हणाल्या. "मेल्याचं सोंगसुद्धा घेतलंस. बस आता इथे."

"बसते," आई म्हणाली. तिचाही आवाज जरा ओला झाला होता. "पण पत्ते मी वाटणार."

गल्लीतल्या लोकांना आता कुठे बघावं ते कळेना. हात जोडलेले होते त्यांनी ते हळूच खिशात घातले. फुलवाला येऊन आपली फुलं गोळा करून घेऊन गेला. भाऊ गाडीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. त्यांना हसू येत होतं, लाज वाटत होती आणि रडूही येत होतं, आणि नाकाचं म्हणाल तर ते वेगळंच वाहत होतं.

संध्याकाळी डाव संपला तेव्हा आईला आणायला भाऊ फाटकाशी उभे होते. गाड्यांची वर्दळ सुरू झाली होती. आई ओट्याच्या पायऱ्या उतरली. तिला पाहताच डॉक्टरीणबाईंनी लांबूनच ब्रेक लावला. त्यांच्या मागच्यांनीही लावला. दुपारी जिच्यासाठी आपण मान खाली घालून उभे होतो, ती काठी टेकत समोरून येताना दिसली की पाय दुसरीकडे कुठे जाणार? दुसऱ्या बाजूनेही गाड्या थांबल्या.

आई निवांत चालत रस्त्याच्या मधोमध आली आणि तिथे थांबली. काहीतरी आठवून तिने मागे वळून मावशींना हाक मारली. "आणि हे बघ, तो शेवटचा डाव मी मानत नाही!"

"का नाही मानत?" ओट्यावरून मावशी कडाडल्या. "हरलीस म्हणून?"

"हरले? मी? तू पानं झाकून धरलीस!"

दोघींची जुंपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबल्या होत्या. कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. भाऊंनाच राहवेना. ते फाटकातून पुढे आले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "आई, अगं चल ना. लोक थांबलेत."

"थांबू देत," आई जागची न हलता म्हणाली. "मी गेले म्हणून दुपारी थांबले होते ना सगळे? मग आता आहे म्हणून थांबतील."